डावीकडे कललेले पाते

ज्याने वारा निर्माण केला आणि त्याला घर मात्र दिले नाही, त्या श्रीहरीच्या चरणी आधी माथा. ज्यांनी त्या बेघर वाऱ्याला कामाला जुंपले आणि पाण्याच्या पोटातून जमीन उपसून काढली, त्या परमुलखातल्या माणसांनाही नमस्कार. ती माणसे प्रेमळ असोत वा नसोत, नमस्कार अडत नाही. या कथेत ती फारशी प्रेमळ नाहीत. कथेतली आपली बाईसुद्धा नाही.

तिचे नाव कुमुदिनी. वय बावन्न. माहेर वाईचे, सासर पुण्याचे, आणि गेली सतरा वर्षे बिऱ्हाड अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेला. नवरा सुदर्शन झुइडासमधल्या काचेच्या उंच इमारतीत एका बँकेच्या संगणकांचे काम पाहतो. त्याच्या परवान्याला जोडलेल्या कागदावर तिचे नाव होते, त्या कागदावर ती या देशात आली. पहिली तीन वर्षे तिने खिडकीतून सायकली पाहिल्या. चौथ्या वर्षी ती भाषा शिकली, आणि सहाव्या वर्षी मराठी पर्यटकांना राजधानी हिंडवून दाखवण्याचा व्यवसाय तिने स्वतःच्या नावावर सुरू केला.

दाखवते ती जीव ओतून. बोलते मात्र फटकळ. मोठ्या चौकातल्या राजवाड्यासमोर उभी राहून ती सांगते, "हा अख्खा वाडा तेरा हजार सहाशे एकोणसाठ लाकडी खांबांवर उभा आहे. खाली नुसता चिखल."

"मोजले कोणी?" गर्दीतून कोणीतरी विचारतेच.

"पुण्याहून आलं असेल कोणीतरी," ती म्हणते आणि पुढे चालू लागते.

कालव्याकाठी एक जुने घर आहे. रस्त्यावरून पाहिले तर चारचौघांसारखे; अरुंद जिने चढून माळ्यावर गेले की तिथे सबंध देवघर, सोनेरी वेदी आणि वाद्यासकट. एके काळी ज्यांना उघड्यावर पूजा करायची मनाई होती, त्यांनी आपला देव माळ्यावर नेऊन जपला. त्या माळ्यावर कुमुदिनी पाच मिनिटे एक शब्द बोलत नाही, आणि कोणी बोलले तर डोळे वटारते. देव लपवायची वेळ आली की माणसाला त्याचे वजन कळते. उघड्या मंडपात बसून आपण ते विसरतो, हरी क्षमा करो.

दुपारनंतर तिची बस शहराबाहेर, उत्तरेकडच्या एका लहान गावी जाते. बांधाखाली सपाट हिरवी शेते, बांधावर एकच जुनी पवनचक्की. शेतांतले पाणी उपसून कालव्यात टाकणे हे तिचे पूर्वापारचे काम. आता ते विजेचे पंप करतात, पण चक्की फिरती ठेवलेली आहे, आणि तिकीट काढून आत जाता येते. चक्की चालवत असे सीम नावाचा एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा. पगार नाही; त्या देशात हे काम हौसेने शिकतात, रीतसर परीक्षा देतात आणि शनिवार-रविवार करतात.

सीमला पर्यटकांचा तिटकारा होता, आणि कुमुदिनीच्या पर्यटकांचा सर्वांत जास्त. एकदा एका आजींनी चक्कीच्या जाडजूड लाकडी आसाला, एवढे कष्ट करणारे लाकूड म्हणून, हळदकुंकू वाहिले. सीमने खिशातले मळके फडके काढले आणि आजी हात जोडून उभ्या असतानाच ते पुसून टाकले.

"हे देऊळ नाही," तो म्हणाला.

"तुमच्या बोलण्यावरूनच कळलं," कुमुदिनी म्हणाली.

"तुझ्या बसा येतात, फोटो काढतात, जातात. वारा कुठून येतो हे तुला तरी ठाऊक आहे का, गाईडबाई?"

तिला ठाऊक नव्हते. ते तिला झोंबले. पुढच्याच शनिवारी ती बस न घेता एकटी आली आणि म्हणाली, "मला शिकवा."

"नाही."

"चक्की सांभाळणाऱ्या समितीने नाव नोंदवून घेतलंय माझं."

"मग समितीकडून शीक."

तरी ती येत राहिली. तीन वर्षे, दर शनिवारी, पहाटेची बस धरून. सीमने हाताने काही दाखवले नाही. ती डोळ्यांनी शिकली. पात्यांवर कापड कसे ताणायचे, चक्कीचे डोके वाऱ्याच्या तोंडाला कसे वळवायचे, ब्रेकचा दोर केव्हा सोडायचा. चुकली की तो ओरडे, बरोबर केले की पाठ फिरवी. वीस वर्षांत शिकायला आलेले सहा जण त्याने असेच पळवून लावले होते. सातवी गेली नाही, एवढाच तिचा गुन्हा. सुदर्शन म्हणे, "कुमुद, आठवडाभर लोकांची बोलणी ऐकतेस, मग सुट्टीच्या दिवशी मुद्दाम म्हाताऱ्याची ऐकायला कशाला जातेस?"

याचे उत्तर तिच्या मनात होते. या देशात ती आली नवऱ्याच्या कागदावर, राहिली नवऱ्याच्या पत्त्यावर. तिच्या स्वतःच्या हाताने मिळवता येईल अशी एकच जागा तिला दिसली होती, ती ही चक्की. मागच्या हिवाळ्यात सीमचे गुडघे पार गेले, तेव्हा समितीने त्याच्याकडून चक्कीची किल्ली मागून घेतली आणि तिच्या हाती दिली. येत्या वसंतात तिची परीक्षा होती. परीक्षेआधी याच चक्कीवरचे काही तास भरायचे राहिले होते. किल्ली हातात असेल तर तास भरतील. किल्ली गेली तर तीन वर्षे गेली.

किल्ली देताना सीम म्हणाला होता, "माझ्या डोळ्यांदेखत नाही फिरणार ही तुझ्या हातून." आणि खरोखर, त्यानंतर तो चक्कीकडे फिरकला नाही. पुढे त्याचे मन वळले, असे मी सांगणार नाही. ते वळले नाही. तो तिचा रागराग करत जगला आणि एका मंगळवारी तसाच गेला.

समितीच्या माणसाने फोनवर दोनच वाक्ये सांगितली. "सीम गेला. पाती शोकात लाव."

आता हे समजून घ्यायला हवे. त्या मुलखात पवनचक्की बोलते. घरात लग्न असले, बाळ जन्मले, की पाती थांबवण्याची एक रीत. कोणी गेले की दुसरी. चारही पाती अचल, पण खालचे पाते अगदी सरळ उभे नसते, एका बाजूला किंचित कललेले असते. कोसभर लांबून, शेतातून, बांधावरून माणसे पाहतात आणि जाणतात की आज चक्कीवाल्याच्या घरी काय घडले. कुमुदिनीला एवढे माहीत होते. कोणत्या बाजूला कललेले म्हणजे काय, हे मात्र सीमने तिला कधी सांगितले नव्हते. "ते तुझ्या कामाचं नाही," म्हणाला होता.

फोन खिशात होता. कोणालाही विचारता आले असते. पण विचारायला शंका यावी लागते, आणि तिला शंका आलीच नाही. वडील गेले तेव्हा भावाने जानवे उजव्या खांद्यावर घेतलेले तिने पाहिले होते. चितेभोवतीची फेरी उलटी होते हे पाहिले होते. देवाला प्रदक्षिणा, पितरांना अपसव्य. मंगलाला सुलटे, मरणाला उलटे. हे आपल्या हाडीमाशी इतके भिनलेले आहे की ते जगाचेच वळण आहे असे आपण धरून चालतो. समोर उभे राहून पाहिले तर चक्कीचे खालचे पाते रोज डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे शोकात ते उलट दिशेला, डावीकडे हवे. सरळ हिशेब. ती एकटी चक्कीवर गेली. पाती सावकाश फिरू दिली, आणि खालचे पाते तळाशी पोचण्याच्या आत, डावीकडे असतानाच, ब्रेक लावला. साखळीने बांधले. मग जिन्याशी उभी राहून त्या तिरसट माणसासाठी तिने मनात रामनाम घेतले. प्रेम नव्हते, पण नाम घेतले. नामाला प्रेमाची अट नाही.

मयत शनिवारी दुपारी होती. तिला पत्रिका आली नाही. तिथे मयतीचीही पत्रिका येते, आणि जिला आली नाही ती बाई नको असलेली बाई. समितीचा निरोप तेवढा आला: पुढच्या मंगळवारी बैठक, हजर राहा. तिला वाटले, सीमच्या मागे कोण, हे ठरवायला बोलावले असेल. शनिवारची सहल चार महिन्यांपूर्वी ठरलेली. बावीस माणसे नाशिकहून आलेली. सकाळी त्यांना राजवाडा दाखवला, माळ्यावरचा देव दाखवला, कालव्यातून नावेने फिरवले. नावेतून उतरताना जयप्रकाश नावाचे एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "ताई, सकाळपासून जे पाहिलं ते सगळं पाण्याच्या काठचंच. कोरड्यात काही नाही का या लोकांचं?"

"चक्की आहे, साहेब. पण आज फिरणार नाही. चालवणारे गेले. तिथे शांत उभं राहायचं, दहा मिनिटं, आणि निघायचं."

"फिरणार नाही? माहितीपत्रकात फिरती छापलीय तुम्ही."

"माणूस मरायची तारीख छापता येत नाही."

"अहो, गप्प बसा ना," त्यांच्या पत्नी शोभाताई म्हणाल्या.

बस बांधाखाली थांबली तेव्हा दोन वाजून गेले होते. चक्कीच्या दाराशी तीन काळे कोट उभे. मध्ये सीमची मुलगी नेल, साठीची, बापासारखीच हाडे मोठी. दोन्ही बाजूंना समितीचे दोघे.

"आलीस?" नेल म्हणाली. "आणि पाहुणे घेऊन आलीस. छान. वाजंत्री कुठाय? केक नाही आणलास?"

"नेल, तुझ्या वडिलांबद्दल..."

"माझ्या वडिलांबद्दल तू चार दिवस बोलतेच आहेस. सगळं गाव वाचतंय." तिने हात वर केला. "हे काय आहे?"

"शोक."

"हे? माझ्या लग्नात बापाने पाती अशी लावली होती. माझा मुलगा झाला तेव्हा अशी लावली होती. तो मेला आणि तू आनंद लावलास. तो तुला आवडत नव्हता, तूही त्याला आवडत नव्हतीस, ठीक. पण एवढं?"

कुमुदिनीने वर पाहिले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दूध घालणारा, शाळेत जाणारी पोरे, चर्चची घंटा वाजवणारा. सगळ्यांनी पाहिले होते, आणि एकानेही तिला सांगितले नव्हते, कारण ही चूक आहे असे एकालाही वाटले नव्हते. सगळ्यांनी तो सूड समजला होता.

"चुकले," ती म्हणाली. "आमच्याकडे माणूस गेला की सगळं उलटं करतात. खांद्यावरचा धागा उलटा, फेरी उलटी. मला वाटलं, पातंही रोजच्या उलट..."

"इथे माणूस उलटा जात नाही," नेल म्हणाली. "पुढे निघून जातो. पातं तळ ओलांडून गेलेलं असतं. येणारं पातं म्हणजे येणारा. गेलेलं म्हणजे गेलेला. चार वर्षांच्या पोराला कळतं."

"काय म्हणतेय ती?" जयप्रकाशांनी मागून मराठीत विचारले. "तिकिटाचं काही आहे का?"

"नाही साहेब. माझी अक्कल काढतायत. आपल्यासारखं शोकाला पातं उलटं लावलं मी, इथे ते आनंदाचं ठरतं."

"काढू द्या. पण चक्की फिरणार का तेवढं विचारा."

शोभाताईंनी एवढ्यात सगळे ताडले होते. त्या पुढे येऊन हळूच म्हणाल्या, "अपसव्यच ते! ताई, तुम्ही आपल्या परीने बरोबरच केलंत. सांगा ना त्यांना."

"आपल्या परीने नाही चालत, शोभाताई," कुमुदिनी फाडकन म्हणाली. "मयत त्यांची आहे."

हे वाक्य तिने रागाने उच्चारले. तरी मला ते तिच्या सतरा वर्षांच्या परदेशवासाचे सार वाटते. आपले शास्त्र आपल्या मृतांसाठी. दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याचे दुःख मांडायचे तर रांगोळी त्याच्या रीतीने काढायची. यात आपला धर्म उणा होत नाही. जो हरी उजव्या खांद्यावरच्या जानव्यात असतो, तो तळ ओलांडून गेलेल्या पात्यातही असतोच.

बांधापलीकडच्या चर्चची घंटा वाजू लागली. शवपेटी निघाली होती. गावातून फिरून, या चक्कीसमोरून ती दफनभूमीत जाणार. पंधरा मिनिटे, फार तर वीस.

"मी बदलते," कुमुदिनी म्हणाली.

"तू हात लावायचा नाहीस."

"मग कोण लावेल?"

समितीच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एक वकील, एक दातांचा डॉक्टर. सहा जण पळाले होते आणि सातवी समोर उभी होती. नेलने दाताखाली ओठ धरला. मग दारापासून एक पाऊल बाजूला झाली.

वारा पडलेला. कुमुदिनीने दार उघडले, पात्याची साखळी सोडून आत टाकली, आणि दार ओढून घेत म्हणाली, "पातं मी ओढते. दोर कोणीतरी धरायला हवा. ओढला की ब्रेक सुटतो, सोडला की बसतो."

"मला दोर शिकवू नकोस," नेल म्हणाली. "मी याच दोराला लोंबकळून मोठी झाले."

"मग धर. आणि मी सांगितल्यावरच सोड. आधी नाही."

नेलने दोर ओढला. वर कुठेतरी जुने लाकूड कण्हले. कुमुदिनीने पात्याच्या टोकाला दोन्ही हात घातले आणि पाय रोवले. पाते हलेना. तिने खांदा लावला. दातांचा डॉक्टर पुढे सरसावला, तर दोघी एकदमच ओरडल्या, "मागे!" पाते हलले. आधी बोटभर, मग वीतभर, मग आपल्याच वजनाने, पाण्यातल्या नावेसारखे, तळाकडे येऊ लागले. ती त्याच्याबरोबर चालत राहिली. तळ आला. तळ गेला.

"सोड!"

दोर सुटला. ब्रेक बसला. सगळी चक्की एकदा थरथरली आणि थांबली. पाते उजवीकडे कललेले, जेमतेम एक हात. दुरून पाहिले तर एवढासा फरक.

शवपेटी बांधावर आली. सहा माणसे हातगाडी ढकलत होती, मागे गाव. जयप्रकाशांनी फोन वर केला, तसा शोभाताईंनी तो तळहाताने खाली दाबला. बावीस नाशिककर रांगेत उभे राहिले. कोणी हात जोडले, कोणी टोपी काढली. गावकऱ्यांनी वर पाहिले, पाते पाहिले, कुमुदिनीला पाहिले. कोणी मान हलवली नाही. एका म्हाताऱ्या बाईने तर तोंड फिरवले. चार दिवसांचा अपमान एका हाताने धुऊन जात नाही, आणि तो जावा अशी तिची अपेक्षाही नव्हती.

मिरवणूक पुढे गेली. नेल मागे थांबली होती. तिने हात पुढे केला.

"किल्ली."

कुमुदिनीने ती काढून दिली. घासाघीस केली नाही, परीक्षेचे नाव काढले नाही. बसकडे चार पावले गेली आणि थबकली. परत वळली.

"साखळी बांधायची राहिलीय. नुसत्या ब्रेकवर भरवसा नाही. वारा आला तर संध्याकाळी पाती फिरत असतील, तुझ्या बापाला पुरल्यावर."

"मग बांध."

"साखळी आत आहे. दाराला ओढल्यावर आपोआप कुलूप लागतं. किल्ली तुझ्याकडे आहे."

नेलने हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग बांधावरून लांबत चाललेल्या माणसांकडे, मग किल्ली परत दिली. कुमुदिनीने दार उघडले, साखळी काढली, पात्याला दोन वेढे देऊन अडकवली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. येऊन किल्ली पुढे धरली.

नेलचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते बाहेर आले नाहीत.

"पुढच्या शनिवारी शोक संपतो," ती म्हणाली. "सकाळी सातला पाती सरळ करायची. मी दोराशी असेन. उशीर करू नकोस."

"आणि मंगळवारची बैठक?"

"मंगळवारी मी तुझ्याविरुद्ध बोलणार आहे. चार दिवसांत एकदाही विचारलं नाहीस, हे मी सगळ्यांसमोर बोलणार."

"बोल. खरंच आहे ते."

"किल्ली काढून घ्या, असं नाही म्हणणार." नेल वळली. "दुसरं कोणी नाही म्हणून. उगाच दुसरं काही समजू नकोस."

ती ढांगा टाकत मिरवणुकीमागे गेली. कुमुदिनीने किल्ली जाकिटाच्या आतल्या खिशात घातली, चेन वरपर्यंत ओढली आणि बसमध्ये चढली. तळहात सोलवटले होते. तिने ते शोभाताईंपासून लपवले.

"फिरली म्हणायची शेवटी?" जयप्रकाश म्हणाले.

"एक हात."

"एका हातासाठी एवढं रामायण?"

"हो," ती म्हणाली आणि चालकाला निघायची खूण केली.